जपानच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. कॉलेजात असताना अभ्यासाच्या नावाखाली तिथे मी कितीतरी दुपारी घालवल्या, पण हे ओकायामा नेमकं आहे कुठे, हे नकाशात बघायचे कष्ट कधी घेतले नाहीत. पुढे जपानमधल्या त्याच ओकायामा प्रांतातल्या तीन प्राथमिक शाळांत चार वर्षं इंग्रजी शिकवलं. आता दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी निरोप येतो, "ताई, मलाही जायचंय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला तेच ते सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सुरुवातीलाच एक गोष्ट. तिथे तुमचं पद 'एएलटी' असतं, म्हणजे साहाय्यक भाषाशिक्षक. नवखी माणसं त्यातलं 'भाषाशिक्षक' तेवढं वाचतात. मीही तेवढंच वाचलं होतं. पहिले सहा महिने मी वर्गात एकटीच नाचत होते, आणि वर्गशिक्षिका मागच्या कोपऱ्यात उभी राहून वह्या तपासत होती. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची, आणि तास संपला की इंग्रजीचा एक शब्द तोंडात राहिलेला नसायचा. हळूहळू लक्षात आलं की वर्ग तिचा आहे. मुलं दिवसभर तिच्याकडे बघूनच वागतात, आणि ती जोवर त्यांच्यासमोर इंग्रजीत चुकतमाकत बोलत नाही, तोवर मुलंही बोलत नाहीत. माझं खरं काम तिला बोलतं करण्याचं होतं. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून इथेच येईल.

पहिली पायरी: कागदपत्रं

सरकारी शाळांत जायची दारं साधारण तीन. सगळ्यांत ओळखीचं दार म्हणजे जेट कार्यक्रम, परदेशी लोकांना शाळांत शिकवायला बोलावणारी जपान सरकारची योजना. १९८७ साली चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन तो सुरू झाला. अर्ज आपापल्या देशातल्या जपानी वकिलातीमार्फत करायचा असतो. अर्जाचा काळ साधारण आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे, मुलाखती हिवाळ्यात आणि रवानगी जुलै-ऑगस्टमध्ये. पदवी हवीच, जपानी येत नसेल तरी चालतं. करार एक वर्षाचा, तो वाढत वाढत जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत जातो. पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता. २०२५ पासून तो ४० लाखांच्या आसपास गेला. भारतातून यात फार थोड्यांची निवड होते, तेव्हा फक्त या एका दारावर डोकं टेकून बसू नका.

दुसरं दार कंत्राटी कंपन्यांचं. गावचं शिक्षण मंडळ कंपनीला काम देतं, कंपनी तुम्हाला शाळेत पाठवते. पगार जेटपेक्षा कमी, आणि शाळेला सुट्टी असते त्या महिन्यांत काही कंपन्या तो आणखी कापतात. करारात ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चच्या पगाराबद्दल काय लिहिलंय, ते आधी वाचा. माझ्या ओळखीतल्या एकीला हे पहिल्या ऑगस्टच्या अखेरीस कळलं, बँकेच्या मशीनसमोर. आणखी एक भानगड आहे. करार जर निव्वळ 'काम बाहेर दिलंय' अशा पद्धतीचा असेल, तर कायद्याने वर्गशिक्षिका तुम्हाला थेट सूचना देऊ शकत नाही, त्या कंपनीमार्फत याव्या लागतात. एकाच वर्गात दोघांनी मिळून शिकवायचं आणि एकमेकांना काही सांगायचं नाही, हा प्रकार कसा होत असेल याची कल्पना करा. मुलाखतीतच विचारा, "वर्गशिक्षकांशी थेट बोलून तास आखता येईल का?"

तिसरं दार म्हणजे शिक्षण मंडळाने थेट नेमणूक करणं. हे सगळ्यांत चांगलं, पण बहुतेक वेळा आधीपासून जपानात असलेल्यांनाच ते मिळतं.

आता आपल्या लोकांची खरी अडचण. सरकारी शाळेत शिकवायला जो 'शिक्षक' व्हिसा लागतो, त्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्यासाठी एक अट आहे: त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. इंग्रजी माध्यमाची मुलं यात सहज बसतात. मराठी माध्यमातून दहावी करून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्यांची बेरीज मात्र जमत नाही, इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी. मला ही अट अन्यायाची वाटते. मी पाहिलेले कितीतरी उत्तम शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले आहेत. पण व्हिसाच्या खिडकीवर वाद घालून काही होत नाही. खासगी संभाषण-वर्गांसाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा असतो, त्यात भर पदवीवर असतो. मात्र ते काम बरंचसं संध्याकाळचं, आणि त्याची जातकुळी वेगळी.

इंग्रजी माध्यम असलं तरी ते कागदावर सिद्ध करावं लागतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम नीट लिहिलेलं असेलच असं नाही. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं वेगळं पत्र घ्या, आणि जायच्या दोन महिने आधी घ्या. माझ्या शाळेने 'या विद्यार्थिनीचे संपूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले आहे' हे पत्र शुद्ध मराठीत टाइप करून दिलं होतं. पुन्हा हेलपाटा.

जपानात उतरल्यावर विमानतळावर निवासी कार्ड मिळतं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. खेड्यात नेमणूक असेल तर गाडी लागते. भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, तो एक वर्ष चालतो. त्यानंतर जपानी परवाना करून घ्यायचा, आणि त्या परीक्षेत आपल्याकडची गाडी चालवायची सवय अजिबात कामाला येत नाही.

दुसरी पायरी: बॅग

स्वेटर तिथे मिळतात. न्यायच्या त्या वर्गात दाखवायच्या वस्तू. पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात तुम्हाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते, त्याला 'जिकोशोकाई' म्हणतात. एका शाळेत बारा वर्ग असतील तर बारा वेळा. ताजमहालाची चित्रं त्यांच्या पुस्तकात असतातच. मी नेलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत जास्त चालली ती शंभराची नोट. तिच्यावर हिंदी आणि इंग्रजी धरून १७ भाषा असतात. भिंगातून मुलं ती अक्षरं मोजत बसायची. मग मी विचारायचे, "हाउ मेनी?" तास आपोआप सुरू व्हायचा. आईच्या स्वयंपाकघराचा फोटो, रिक्षाचा फोटो, घरच्या कुत्र्याचा फोटो न्या. मोठ्या आकारात छापून न्या, कारण शाळेतला प्रोजेक्टर त्या दिवशी नेमका कुणीतरी नेलेला असतो.

एक इशारा. तुम्ही भारतीय म्हटलं की हमखास एक मुलगा ओरडणार, "१९ गुणिले १९!" भारतीय मुलांना एकोणीसपर्यंतचे पाढे पाठ असतात, असा तिथे पक्का समज आहे. ३६१ हे उत्तर घरून पाठ करून जा. देशाची अब्रू आहे.

पायांचं माप मोठं असेल तर शाळेच्या आत घालायचे बूट इथूनच घेऊन जा. शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढून खणात ठेवायचे आणि आतले घालायचे. मुलांच्या त्या पांढऱ्या बुटांना 'उवाबाकी' म्हणतात. माझी पहिली चूक पहिल्याच मिनिटाला, आतले बूट घालून फरशीच्या खालच्या पायरीवर उतरले. कुणी काही बोललं नाही. एका पहिलीतल्या मुलीने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा तसं झालं नाही.

तिसरी पायरी: स्टाफरूम

शाळेत तुमचं टेबल वर्गात नसतं, स्टाफरूममध्ये असतं. सगळे शिक्षक एकाच मोठ्या खोलीत, टेबलं एकमेकांना लावून. सकाळी आत शिरताना मोठ्याने 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हणायचं. संध्याकाळी निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे तुमच्याआधी निघते, माफ करा. रोजचा कारभार उपमुख्याध्यापकांच्या हातात असतो. तासाचा बदल, रजा, फोटोकॉपीचा कागद, सगळं त्यांच्याकडे. मुख्याध्यापकांना नमस्कार करा, कामासाठी उपमुख्याध्यापकांकडे जा.

जपानी लिपी जाण्याआधीच शिका, निदान हिरागाना आणि कातकाना या दोन अक्षरमाला. मराठी माणसाला हे वाटतं तितकं अवघड नाही. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ पासून सुरू होते आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी जाते. ओळखीची वाटली ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णांचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. मुलं तुमची लिपी तपासतात आणि चुकलं की आनंदाने दुरुस्त करतात. त्यांना शिकवायला मिळालं की ती तुमच्याकडून शिकायला तयार होतात, हा माझा अनुभव. त्यामुळे थोडं कच्चं असलेलंही बरं.

चौथी पायरी: काय शिकवायचंय ते नीट समजून घ्या

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. एप्रिल २०२० पासूनची रचना अशी: तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास 'परदेशी भाषेचे उपक्रम', पाचवी-सहावीला वर्षाला ७० तास इंग्रजी हा रीतसर विषय. एक तास ४५ मिनिटांचा. म्हणजे तिसरी-चौथीला आठवड्यातून एक तास, पुढे दोन. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी असतं, त्या मापाने हे अगदी थोडं.

तिसरी-चौथीला शिक्षण मंत्रालयाचं 'लेट्स ट्राय!' हे पुस्तक असतं. त्यात वाचन-लेखन जवळजवळ नाही. तिसरीत मोठी अक्षरं फक्त ओळखायची, चौथीत लहान. बाकी सगळं ऐकणं, बोलणं, गाणं. पाचवी-सहावीची पुस्तकं वेगवेगळ्या प्रकाशकांची असतात, गावचं शिक्षण मंडळ त्यातलं एक निवडतं. तिथे लिहिणं येतं, मूल्यमापन येतं.

इथे आपल्या पठडीतला माणूस अडखळतो. आपण फळ्यावर 'ए फॉर ॲपल' लिहून सुरुवात करणारे, स्पेलिंग पाठ करून घेणारे. तिथे तिसरीच्या मुलाला 'ॲपल' म्हणता आलं, ऐकून चित्रावर बोट ठेवता आलं, की झालं. मी पहिल्या महिन्यात उत्साहाने स्पेलिंगचे तक्ते केले होते. उपमुख्याध्यापकांनी ते फार सुंदर असल्याचं सांगून कपाटात ठेवून दिले. चार वर्षांनी मी निघाले तेव्हाही ते तिथेच होते.

पाचवी पायरी: एक तास कसा घ्यायचा

तिसरीचा वर्ग धरू, धडा 'हाउ मेनी?'. एक ते वीस आकडे, आणि 'किती?' हा प्रश्न. वर्गात तीसेक मुलं.

तासाची सुरुवात तुम्ही करत नाही. त्या दिवशी पाळी असलेली दोन मुलं उभी राहून सगळ्यांना उभं करतात, नमस्कार घालतात. मग हॅलो, मग 'हाउ आर यू?'. इथे तीस तोंडांतून एका सुरात 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू' येतं. ते तसंच सोडू नका. हातवारे द्या: भूक लागली, झोप येतेय, दमलो, मजेत आहे. पोटावर हात ठेवून 'आय ॲम हंग्री' म्हणणारं मूल खरं बोलत असतं. चौथ्या तासाला तर सगळेच हंग्री असतात.

मग वर्गशिक्षिका फळ्यावर आजचं उद्दिष्ट जपानीत लिहिते. त्याला 'मेआते' म्हणतात. हे टाळू नका, घाईही करू नका. मुलांना आज काय करायचंय ते त्यामुळे कळतं.

पुढची दहा मिनिटं आकडे. नुसतं 'माझ्यामागे म्हणा' केलं तर पाचव्या मिनिटाला खिडकीबाहेर बघणं सुरू होतं. मी बोटांवर मोजायला शिकवायचे. जपानी मुलं तळहात उघडून बोटं आत दुमडत मोजतात. आपण अंगठ्याने पेरं मोजतो, चार बोटांची बारा पेरं. "इंडिया स्टाइल" म्हटलं की सगळी पेरं मोजायला लागायची आणि एका हातावर बारा येतात हे बघून ओरडायची. बारापर्यंत तीन-चार वेळा म्हणून झालेलं असायचं, कुणाला पाठांतर केल्यासारखं वाटलेलंही नसायचं. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांचा घोळ पुढच्या तासाला ठेवा.

मग खेळ. एकच सांगते, कारण तो चार वर्षांत कधी फसला नाही. दोन-दोन मुलं समोरासमोर बसवायची, मधे एक खोडरबर. एक शब्द ठरवायचा, समजा 'सेव्हन'. तुम्ही आकडे म्हणत जायचं, मुलांनी प्रत्येक आकडा मागून म्हणायचा, आणि 'सेव्हन' ऐकू आला की खोडरबर उचलायचा. जो आधी उचलेल त्याचा गुण. चौथ्या-पाचव्या फेरीला शब्द म्हणायचं काम एखाद्या मुलाकडे द्या. तो 'सिक्स' म्हणताना मुद्दाम 'स्स्स' लांबवतो आणि अख्खा वर्ग फसतो. बाकीचे खेळ, बिंगो, पत्त्यांची 'कारुता', दगड-कात्री-कागद, हे मुलंच तुम्हाला शिकवतील. एक खेळ दहा मिनिटांहून जास्त ताणू नका; खेळ रंगात असतानाच थांबवला तर पुढच्या वेळी पुन्हा मागतात.

मग तासाचा गाभा. प्रत्येकाला सफरचंदांच्या चित्रांचा कागद, त्यातली हवी तेवढी रंगवायची. मग वर्गात फिरून दुसऱ्याला विचारायचं, 'हाउ मेनी ॲपल्स?' आणि आपल्याएवढीच रंगवलेला जोडीदार शोधायचा. इथे मुलाला खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं असतं. तुम्ही फळ्याशी उभं राहू नका, कागद घेऊन तुम्हीही फिरा. कुणी 'थ्री ॲपल' म्हणालं तर थांबवून 'स' लावायला सांगू नका. जपानीत नामाला आपल्यासारखं आंबा-आंबे होत नाही, तो 'स' त्यांच्या कानालाच नवा आहे. नुसतं हसून "ओ, थ्री ॲपल्स! मी टू!" म्हणा. महिन्याभरात काहींच्या तोंडी तो आपोआप येतो. काहींच्या येत नाही, बिघडत नाही.

शेवटची पाच मिनिटं मुलं एका कार्डावर जपानीत लिहितात, आज काय जमलं, काय कठीण गेलं. त्याला 'फुरिकाएरी' म्हणतात. ती कार्डं मिळाली तर मागून घ्या, भाषांतराच्या ॲपने का होईना, वाचा. एकदा एकाने लिहिलं होतं, 'आज सेन्सेईने (म्हणजे बाईंनी) माझं ऐकलं.' माझ्या लेखी त्या तासाला मी काहीच विशेष केलं नव्हतं.

सहावी पायरी: वर्गशिक्षिका

प्राथमिकचा शिक्षक तिथे गणितापासून शिवणकामापर्यंत जवळजवळ सगळं शिकवतो. त्यातले बरेच जण नोकरीला लागले तेव्हा प्राथमिकला इंग्रजी नव्हतंच. म्हणजे पन्नाशीची एक बाई, जिने शाळेत व्याकरण घोकून इंग्रजीची धास्ती घेतलेली आहे, तिला अचानक तीस मुलांपुढे इंग्रजी बोलायचंय, आणि शेजारी तुम्ही फाडफाड बोलणाऱ्या. ती कोपऱ्यात का जाते, हे यातून समजून घ्या. तिला आळशी म्हणणारे एएलटी मी पाहिलेत. त्यांना तिचा दिवस माहीत नसतो.

मी काय करायचे ते सांगते. आदल्या दिवशी अर्ध्या कागदावर तासाचा आराखडा तिच्या टेबलावर ठेवायचा. त्यात तिची वाक्यं वेगळ्या रंगात, तीन-चारच, छोटी: 'लेट्स प्ले', 'वन मोअर टाइम', 'गुड जॉब'. वर कातकानात उच्चार. मुलांसाठी इंग्रजीवर कातकाना लिहू नये असं सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे. मोठ्या माणसाला धीर देण्यासाठी मात्र मी खुशाल लिहायचे. तिला वेळ नसेल तर कॉपीमशीनपाशी दोन मिनिटं गाठायचं. माझे अर्धे तास तिथेच ठरले.

वर्गात खेळ समजावताना सूचना देत बसू नका. तुम्ही दोघींनी तो खेळून दाखवा. ती विचारेल 'हाउ मेनी ॲपल्स?', तुम्ही म्हणाल 'टेन', ती निराश चेहरा करेल. आणि मधेमधे तुम्ही हरा. सेन्सेई इंग्रजीत जिंकल्या, यासारखा आनंद तिसरीच्या मुलांना दुसरा नाही. शिस्त राखणं तिचं काम आहे. कुणी दंगा करत असेल तर तुम्ही आवाज चढवू नका, तिच्याकडे बघा. आणि तिचं इंग्रजी मुलांसमोर कधीही, कितीही हळू आवाजातही, दुरुस्त करू नका.

सातवी पायरी: उच्चार, त्यांचे आणि आपले

जपानीत जोडाक्षर जवळजवळ नाही. पाय मोडलेलं एकच अक्षर, 'न्'. बाकी प्रत्येक व्यंजनाला स्वर हवाच. म्हणून 'मिल्क' चं होतं 'मिरुकु', आणि बर्गरच्या त्या प्रसिद्ध दुकानाचं 'माकुदोनारुदो'. 'मिल्क' एका टाळीत म्हणायचा, 'मिरुकु' तीन टाळ्यांत. टाळ्या वाजवून दाखवा, फरक लगेच कळतो. 'ल' आणि 'र' वेगळे नसतात, तेव्हा 'राइस' आणि 'लाइस' यावर तास घालवू नका. आरशात जीभ कुठे जाते ते बघायला सांगा आणि पुढे चला.

वाचनात आणखी एक गुंता. तिसरीत मुलं जपानीच्या तासाला रोमन अक्षरं शिकतात, पण जपानी शब्द लिहायला. शाळांमधून वर्षानुवर्षं चाललेल्या कुनरेई पद्धतीत 'ची' हा उच्चार टी-आय असा लिहितात. त्यामुळे मूल 'टाइम' हा शब्द सरळ 'ची-मे' वाचतं, आणि 'नेम' चं 'ना-मे'. त्याने शिकलेल्या नियमाने ते शंभर टक्के बरोबर आहे. हे आधी माहीत असलं म्हणजे कपाळावर हात मारला जात नाही.

आता आपलं. 'वेस्ट' हा शब्द पश्चिमेसाठी आणि बिनबाह्यांच्या बनियनसाठी, आपण दोन्हीकडे एकच 'व' लावतो. 'थँक यू' मधला आपला 'थ' थाळीतला असतो. जाण्याआधी महिनाभर हे उच्चार आरशासमोर करा: बनियनच्या 'व' ला खालचा ओठ दातांना लावायचा, पश्चिमेच्या 'व' ला दोन्ही ओठ गोल. बाकी आपला सूर तसाच राहू द्या. तुम्ही जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या नाही म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मनाला लावून घेऊ नका. इंग्रजी ही आपली दुसरी-तिसरी भाषा आहे आणि ती आपण शाळेत बसून शिकलो, हे मुलांना उघड सांगा. माझ्या वर्गशिक्षिकांना माझ्याबद्दल याच गोष्टीचा सगळ्यांत जास्त दिलासा वाटायचा. माझ्या नावातल्या 'व' चा मात्र कातकानात 'ब' झाला, तो चार वर्षं 'ब' च राहिला.

सहावीची शांतता

दुसरी-तिसरीत 'हाय! हाय!' (जपानीत 'हो! हो!') करत हात छतापर्यंत जातात. तीच मुलं सहावीत गेली की खाली मान घालून बसतात. प्रश्न विचारला की पंधरा सेकंद काही नाही. आपण घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. देऊ नका. आधी जोडीदाराला सांगायला लावा, मग चौघांच्या गटात, मग हवं तर वर्गात. चूक सगळ्यांसमोर होण्याची भीती असते, इंग्रजीची नव्हे. आणि त्या वयाला 'आवडतं फळ कोणतं' यात रस नसतो. मी एकदा घरच्या मसाल्याच्या डब्याचा फोटो दाखवून 'व्हॉट्स धिस?' विचारलं, तेव्हा हिंग म्हणजे काय यावर जितकं इंग्रजी झालं, तितकं महिनाभरात झालं नव्हतं.

जेवण आणि झाडलोट

दुपारचं जेवण 'क्युशोकु' वर्गातच होतं. मुलं पांढरे एप्रन-टोप्या घालून स्वतः वाढतात, दुधाची २०० मिलीलीटरची बाटली किंवा खोका रोज, आणि सगळ्यांचं ताट भरेपर्यंत कुणी घास घेत नाही. मग 'इतादाकिमास', जेवायला सुरुवात करताना सगळे मिळून म्हणतात ते. प्रत्येक वर्गात आलटून-पालटून जेवायला बसा. मुलं खरी इथे बोलतात.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. मांसाचा तुकडा नसला तरी सुपात, भाजीत माशांचा अर्क असतो, 'दाशी' म्हणतात. वाढताना ते वेगळं करता येत नाही. नेमणूक झाल्या झाल्या उपमुख्याध्यापकांना लेखी सांगा आणि डबा आणायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी मिळते. ताटात घेऊन टाकणं मात्र फार वाईट दिसतं. डब्यातल्या थालीपिठाबद्दल रोज इंग्रजीत सांगावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

जेवणानंतर झाडलोट. पंधरा-वीस मिनिटं सगळी शाळा फडकी घेऊन जमिनीवर, शिक्षकही. आपल्याकडे शाळेत सडा-सारवण, परिसर सफाई केलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. त्या वेळात स्टाफरूममध्ये बसून मोबाइल बघू नका. एक फडकं घ्या.

मार्च

मार्चअखेरीस शिक्षकांच्या बदल्या होतात. जिच्यासोबत वर्षभर जुळवून घेतलं, ती दुसऱ्या शाळेत जाते, आणि एप्रिलमध्ये कोपऱ्यात वह्या तपासणारी नवी वर्गशिक्षिका समोर असते. म्हणून फेब्रुवारीतच प्रत्येक वर्गामागे एक पान तयार करा: कोणते खेळ चालले, कोणत्या दोन मुलांना एका जोडीत बसवू नये, कुणाला उभं राहून बोलायला लावू नये, सेन्सेईंच्या तोंडी कोणती तीन वाक्यं सहज यायची. जपानीतून लिहून घ्या, उपमुख्याध्यापकांना दाखवा आणि नव्या वर्गशिक्षिकेच्या टेबलावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, सोबत पहिल्या तासाचा अर्धा कागद आणि तिची वाक्यं वेगळ्या रंगात.